दोन जॉन विल्यम्स आणि एक गिटार

१९७८ च्या ‘द डीअर हंटर’ या अमेरिकी चित्रपटात गिटारची एक धून आहे. शांत, थोडी उदास, एकदा कानात शिरली की दिवसभर हटत नाही अशी. तिचं नाव ‘कॅव्हाटिना’, आणि तिच्या सगळ्यात गाजलेल्या ध्वनिमुद्रणात ती वाजवली आहे जॉन विल्यम्स यांनी. त्याच्या आदल्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ आला होता. त्याचं संगीतही जॉन विल्यम्स यांचं. साहजिकच ऐकणाऱ्याला वाटतं, तो दणदणीत वाद्यमेळ आणि ही हळुवार गिटार एकाच माणसाची, केवढा हा आवाका! पण इथे माणसंच दोन आहेत. संगीतकार जॉन विल्यम्स १९३२ साली अमेरिकेत जन्मले, गिटारवादक जॉन विल्यम्स १९४१ साली ऑस्ट्रेलियात. दोघांचं काही नातं नाही. आणि ‘कॅव्हाटिना’ रचली होती तिसऱ्याच माणसाने, स्टॅन्ली मायर्स यांनी. दोन विल्यम्सांच्या घोळात त्यांचं नाव सगळ्यात आधी हरवतं.

मला या विषयाची ओढ लागली ती या तिसऱ्या माणसामुळे. नामसाधर्म्य म्हटलं की गप्पा गमतीच्या अंगाने जातात: अमुक नावाचे दोन नट, तमुक नावाच्या दोन गायिका. पण कलाकाराचं नाव नुसतं हाक मारण्यापुरतं नसतं. ते बँकेतल्या खात्यासारखं असतं. त्याने गायलेलं, लिहिलेलं, रंगवलेलं सगळं त्या खात्यावर जमा होतं. पुढचं काम, मानधन, रॉयल्टी, गेल्यानंतरची आठवण, हे सगळं त्याच खात्यातून निघतं. एकाच नावाची दोन खाती झाली की कष्ट एकाचे आणि नोंद दुसऱ्याच्या पानावर, असं होऊ लागतं. त्याची झळही दोघांना सारखी लागत नाही. ज्याचं नाव मोठं त्याच्याकडे दुसऱ्याचं श्रेय आपोआप वाहत जातं, आणि ज्याचं नाव लहान त्याचं होतं तेही जातं.

नावं इतकी जुळतात कशी?

एक साधा हिशेब करून पाहू. समजा एखाद्या समाजात ५० पहिली नावं आणि १०० आडनावं आहेत, आणि सगळी सारख्याच प्रमाणात चालतात. म्हणजे पूर्ण नावं झाली ५,०००. आता त्या समाजातून एकेक जण कलेच्या क्षेत्रात येऊ लागला, तर कुणाचं तरी नाव कुणाशी तरी जुळायला किती जण लागतील? मन म्हणतं, दोन-अडीच हजार तरी. खरं उत्तर सुमारे ८४ आहे. चौऱ्याऐंशी जण जमले की त्यांत निदान एक जोडी सारख्या नावाची असण्याची शक्यता निम्म्याच्या वर गेलेली असते.

कारण असं, की ‘माझ्या नावाचं दुसरं कुणी आहे का’ असा इथे प्रश्न नाही. ‘कुठल्याही दोघांचं नाव सारखं आहे का’ असा आहे. ८४ जणांत दोघादोघांच्या जोड्या लावल्या तर त्या ३,४८६ होतात, आणि त्यांतली प्रत्येक जोडी म्हणजे नाव जुळण्याची एक संधी. २३ जणांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, त्यामागेही हेच गणित आहे. प्रत्यक्षात तर सगळी नावं सारखी चालत नाहीत. काही नावांची लाट येते आणि एका पिढीतली कितीतरी मुलं तेच नाव घेऊन मोठी होतात. त्यामुळे खऱ्या जगात ८४ जणसुद्धा लागत नाहीत.

ही झाली आईबापांनी ठेवलेली नावं. कलाकारांनी स्वतः घेतलेल्या नावांनाही फॅशन असते. हिंदी चित्रपटांत अशोक कुमार हे पाळण्यातले कुमुदलाल गांगुली, दिलीप कुमार हे युसूफ खान, राज कुमार हे कुलभूषण पंडित, मनोज कुमार हे हरिकृष्ण गोस्वामी आणि संजीव कुमार हे हरिहर जरीवाला. पाच कुमार, पाच वेगवेगळी घराणी. त्यातही गंमत अशी, की युसूफ खान यांनी जे नाव उचललं तेच दिलीप कुमार हे नाव जन्माने मिळालेल्या एका मुलाने पुढे सोडून दिलं. त्याला आज आपण ए. आर. रहमान म्हणून ओळखतो.

मराठी संगीतात हेच ‘गंधर्व’ या शब्दाचं झालं. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. ‘गंधर्व’ हे आडनाव समजणाऱ्या नवख्या ऐकणाऱ्याला हे एकाच घरातले चार वाटतात. आधीच्या विशेषणावरून वय ठरवावं तर तेही फसतं. ‘बाल’ म्हणजे सगळ्यात धाकटा असं वाटेल, पण बालगंधर्व १८८८ चे, छोटा गंधर्व १९१८ चे आणि कुमार गंधर्व १९२४ चे.

गाव, बाप आणि एक अक्षर

सगळ्यात जुना उपाय म्हणजे गावाचं नाव लावणं. मायकेलँजेलो म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो १४७५ ते १५६४ या काळातला मायकेलँजेलो बुओनारोती. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १५७१ मध्ये, आणखी एक मायकेलँजेलो जन्मला, मायकेलँजेलो मेरिसी. तोही थोर चित्रकार झाला, पण जग त्याला त्याच्या कुटुंबाच्या गावावरून ओळखतं: कॅराव्हाज्जिओ. पहिलं नाव आधीच्याच्या नावावर इतकं पक्कं बसलं होतं, की दुसऱ्याला गावच बरं.

बापलेकांचं एकच नाव असलं की प्रश्न अवघड होतो, कारण गाव एक, आडनाव एक आणि पुष्कळदा धंदाही एक. व्हिएन्नातल्या योहान स्ट्राउसचं पाहा. वडील १८०४ ते १८४९, मुलगा १८२५ ते १८९९. मुलाने संगीतात पडू नये अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा पडला, १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला, आणि पुढची पाच वर्षं एकाच शहरात एकाच नावाचे दोन वाद्यवृंदप्रमुख एकमेकांसमोर होते. ‘राडेत्स्की मार्च’ वडिलांचा, १८४८ चा. ‘ब्लू डॅन्यूब’ मुलाचा, १८६७ चा. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या मैफलीत आजही शेवटी या दोन रचना लागोपाठ वाजतात आणि जगभर कितीतरी लोक त्या एकाच्याच समजून टाळ्या वाजवतात. या घराण्यात पुढे तिसरा योहानही झाला. रिचर्ड स्ट्राउस मात्र या कुळातले नव्हेत.

फ्रेंचांनी यावर सुटसुटीत तोड काढली. नावापुढे ‘बाप’ किंवा ‘लेक’ असा शब्दच लावायचा. अलेक्झांडर द्यूमा बाप हे १८४४ च्या ‘थ्री मस्केटिअर्स’चे लेखक, आणि अलेक्झांडर द्यूमा लेक यांनी आपल्याच कादंबरीवरून लिहिलेल्या नाटकावरून व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा निघाला.

चित्रकारांमध्ये ब्रॉयगल घराण्याइतका गुंता क्वचितच सापडेल. पीटर ब्रॉयगल थोरला १५६९ मध्ये वारला. शेतकऱ्यांची, बर्फातल्या शिकाऱ्यांची, गावजत्रांची चित्रं काढणारा तो हाच. त्याचा मुलगा पीटर धाकटा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्याने वडिलांच्या चित्रांच्या नकला करून विकण्याचा कारखानाच काढला. त्या काळात त्यात काही गैर नव्हतं. लोकांना थोरल्याची चित्रं हवी होती आणि थोरला हयात नव्हता. पण त्यामुळे आज एखादं चित्र बापाचं की लेकाचं हे ठरवायला लाकडाच्या फळीचं वय, रंगाखालचं रेखाटन असं सगळं तपासावं लागतं. सहीतली एक खूणही कामी येते: थोरल्याने १५५९ च्या सुमारास आपल्या नावातलं ‘एच’ हे अक्षर गाळलं, मुलांनी ते पुन्हा लावलं. गोंधळ इथे संपत नाही. पीटर धाकट्याचा सख्खा भाऊ यान, आणि त्याला म्हणतात यान थोरला, कारण त्याच्याही मुलाचं नाव यान होतं. म्हणजे या घरात ‘थोरला’ हा शब्द वयाचा नाही आणि पिढीचाही नाही. त्याच नावाचा पहिला, एवढाच त्याचा अर्थ.

रचनेतच सही

संतकवींनी आपलं नाव थेट रचनेत गुंफलं. अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’ असे शब्द येतात, ती नाममुद्रा. ही किती डोळस सोय होती याचा विचार आपण फारसा करत नाही. छापील पुस्तक नव्हतं, मुखपृष्ठ नव्हतं, श्रेयनामावली नव्हती. अभंग तोंडातोंडी फिरायचा. गाणाऱ्याला कर्ता माहीत असो वा नसो, शेवटचा चरण गायला की कर्त्याचं नाव त्याच्या तोंडून निघायचंच.

पण मुद्रेत जेमतेम एक नाव मावतं, आणि एकाच नावाचे दोन कवी झाले की हीच मुद्रा फसवी ठरते. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव ‘नामा’ म्हणून सही करतात. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला, ज्याने मराठीत महाभारत रचलं. तोही ‘नामा’च. शिवाय नामदेवही स्वतःला विष्णूचा दास म्हणवून घेत. पुढे अभंग उतरवून घेणाऱ्यांनी दोघांचं एकत्र लिहिलं आणि नामदेवांच्या गाथेत दुसऱ्या नाम्याच्या रचना मिसळून गेल्या. संशोधकांना त्या निवडाव्या लागल्या त्या भाषेवरून. एखादं शब्दरूप कोणत्या शतकात चालत होतं, रचनेत कुणाचा उल्लेख आहे, छंद कसा आहे, जुन्यात जुन्या हस्तलिखितात ती सापडते का. यातून विष्णुदास नाम्याला त्याचं स्वतःचं असं काही परत मिळालं, याचं मला फार समाधान वाटतं. थोर नावाच्या सावलीत शेकडो वर्षं दबून गेलेला कवी होता तो.

कालिदासाबद्दलही असाच प्रश्न फार पूर्वी पडला होता. राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात ‘कालिदासत्रयी’ हा शब्द येतो, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच लोक तीन कालिदास मोजत होते.

दोन विन्स्टन चर्चिल

नामसाधर्म्याचा प्रश्न दोघांनी समोरासमोर, सभ्यपणे सोडवल्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण १८९९ चं आहे. विन्स्टन चर्चिल तेव्हा २४ वर्षांचे होते, सैनिक आणि बातमीदार. आपल्या नव्या कादंबरीबद्दल त्यांचं अभिनंदन होऊ लागलं. ती त्यांनी लिहिलीच नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की अमेरिकेत आणखी एक विन्स्टन चर्चिल आहेत, १८७१ मध्ये जन्मलेले, आणि त्यांच्या कादंबऱ्या धडाक्यात खपताहेत. त्या वेळी लेखक म्हणून मोठं नाव अमेरिकन चर्चिलांचंच होतं.

मग लंडनच्या चर्चिलांनी अमेरिकेतल्या चर्चिलांना पत्र लिहिलं. पत्र तृतीयपुरुषी होतं, त्यामुळे ‘श्री. विन्स्टन चर्चिल हे श्री. विन्स्टन चर्चिल यांना’ असा मजकूर झाला. त्यात त्यांनी कळवलं की यापुढे आपल्या लेखनावर ते ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ असं नाव घालतील. समोरून तितक्याच आदबीने उत्तर आलं: मला मधलं नाव असतं तर मीही ते जरूर लावलं असतं. पुढच्याच वर्षी दोघं बोस्टनमध्ये भेटलेही. १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं ते लंडनच्या चर्चिलांना, आणि त्यांच्या पुस्तकांवर तोवर ‘विन्स्टन एस. चर्चिल’ असंच छापलं जात होतं. तो ‘एस’ त्या पत्राची आठवण आहे. काळाने मात्र उलटा न्याय केला. तेव्हा ज्यांचं नाव मोठं होतं, त्या कादंबरीकाराचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी येईल त्याचं नाव

अभिनयाच्या क्षेत्रात ही गोष्ट सौजन्यावर सोडलेली नाही. अमेरिकेतली स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड १९३३ मध्ये स्थापन झाली. २०१२ पासून ती सॅग-आफ्ट्रा म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये इक्विटी आहे. या संघटनांचं धोरण असं, की एकाच व्यावसायिक नावाचे दोन सभासद नसावेत. ज्याची नोंद आधी झाली त्याचं नाव, मागाहून येणाऱ्याने बदल करायचा. तुमचं नाव जन्मदाखल्यावर काय आहे, याने फरक पडत नाही.

मायकल कीटन यांचं जन्मनाव मायकल डग्लस. ते कामाला लागले तेव्हा १९४४ मध्ये जन्मलेले मायकल डग्लस आधीच नोंदलेले होते, म्हणून यांनी ‘कीटन’ घेतलं. यातली एक गोष्ट मला कायम चटका लावते. आधीच्या मायकल यांचं ‘डग्लस’ हे पिढीजात आडनाव नव्हतं. त्यांचे वडील कर्क डग्लस हे जन्माने इसुर डॅनिएलोविच; ‘डग्लस’ हे त्यांनी नट म्हणून घेतलेलं नाव. म्हणजे घराण्याने डग्लस असलेल्या माणसाला ते सोडावं लागलं, आणि राहिलं ते घेतलेलं डग्लस. तिकडे डायन कीटन या मूळच्या डायन हॉल. त्या नावाची नटी संघटनेत आधीच होती, म्हणून त्यांनी आईचं माहेरचं नाव लावलं. दोन कीटन, दोघांची मूळ नावं वेगळी, आणि दोघांना कीटन करणारा नियम एकच.

एमिली स्टोन यांना ‘एमिली स्टोन’ मिळालं नाही. त्यांनी आधी ‘रायली’ करून पाहिलं, मग ‘एमा’वर स्थिरावल्या. २०२४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की कुणी एमिली म्हटलं तर आवडेल. डेव्हिड मॅकडोनल्ड या स्कॉटिश मुलाने एका संगीत मासिकात ‘पेट शॉप बॉइज’चे गायक नील टेनंट यांचं नाव वाचलं आणि तो डेव्हिड टेनंट झाला. ब्रिटिश नट जेम्स स्ट्युअर्ट यांच्यापुढे हॉलिवूडचे जेम्स स्ट्युअर्ट उभे होते, म्हणून ते स्ट्युअर्ट ग्रेंजर झाले. मित्र त्यांना शेवटपर्यंत जिमीच म्हणत.

मायकल जे. फॉक्स यांच्या नावातला ‘जे’ तर कुठूनच आलेला नाही. त्यांचं मधलं नाव अँड्र्यू. गिल्डमध्ये मायकल फॉक्स नावाचे चरित्र अभिनेते आधीपासून होते. ‘मायकल ए. फॉक्स’ करावं तर इंग्रजीत त्याचा उच्चार ‘मायकल, एक कोल्हा’ असा होतो, आणि ‘फॉक्स’ म्हणजे देखणा माणूस असाही अर्थ निघतो. म्हणून त्यांनी मायकल जे. पोलार्ड या आवडत्या नटाचा ‘जे’ उचलला. थोरले मायकल फॉक्स १९२१ ते १९९६ असं आयुष्य जगले आणि अखेरपर्यंत त्यांचं नाव त्यांचंच राहिलं. संघटनेच्या नियमात काही जणांना आपल्या जन्मनावाला मुकावं लागतं हे खरं. पण तो नियम प्रसिद्धी बघत नाही, आधी कोण आलं एवढंच बघतो, आणि म्हणून लहान नटाचं रक्षण करतो. मला तो न्याय्य वाटतो.

अर्थात हा नियम नटांपुरता. चित्रकार, लेखक, वादक यांच्यावर तो नाही. म्हणून १९८० मध्ये वारलेले नट स्टीव्ह मॅक्वीन आणि १९६९ मध्ये जन्मलेले ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन, दोघं एकाच नावाने वावरतात. क्वीन आणि ड्युरान ड्युरान या दोन्ही बँडच्या ड्रमरचं नाव रॉजर टेलर. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मध्ये एक लंडनला वाजवत होते, दुसरे फिलाडेल्फियाला. ड्युरान ड्युरानमध्ये तर जॉन, अँडी आणि रॉजर असे तीन टेलर होते आणि एकमेकांचे कुणीच नव्हते.

लहानाचं नाव मोठ्याने घेतलं तर

संघटना नसते तिथे प्रश्न कोर्टात जातो, आणि तिथे लागतो ट्रेडमार्कचा कायदा. नावावर कॉपीराइट नसतो. ट्रेडमार्कही नावाची मालकी देत नाही. अमुक व्यवसायात, अमुक प्रदेशात, अमुक नावामुळे ग्राहकाचा गोंधळ होतो का, एवढंच तो पाहतो. म्हणून सुएड हा ब्रिटिश बँड अमेरिकेत ‘द लंडन सुएड’ होतो आणि इंग्लंडमध्ये सुएडच राहतो. साठच्या दशकातल्या ‘निर्वाणा’ या ब्रिटिश बँडने नव्वदच्या दशकातल्या त्याच नावाच्या अमेरिकी बँडवर दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि दोघांनीही नाव ठेवलं.

यातलं मनाला लागणारं प्रकरण २०२० चं. ‘लेडी अँटिबेलम’ हा अमेरिकी कंट्री संगीताचा बँड. ‘अँटिबेलम’ या शब्दाला गुलामगिरीच्या काळाचा वास आहे म्हणून त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी नाव बदलून ‘लेडी ए’ केलं. हेतू वर्णभेदाच्या खुणा पुसण्याचा. पण सिअ‍ॅटलमध्ये अनिता व्हाइट या कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीस वर्षांहून अधिक काळ ‘लेडी ए’ याच नावाने गात होत्या. त्यांना हे बातम्यांतून कळलं. बँडकडे या नावाची ट्रेडमार्क नोंदणी होती, गायिकेकडे नव्हती. बोलणी झाली, फिसकटली, आणि जुलैत बँडनेच कोर्टात जाऊन आपल्याला हे नाव वापरण्याचा हक्क आहे असं जाहीर करून मागितलं. सप्टेंबरमध्ये व्हाइट यांनी उलट दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं: ‘लेडी ए’ असं शोधलं की आता त्यांचं गाणं सापडतच नाही, त्या पार तळाशी गेल्या आहेत. २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी दावे मिटवले. अटी जाहीर झाल्या नाहीत.

कायद्याच्या भाषेत याला उलटा गोंधळ म्हणता येईल. नेहमी लहान माणूस मोठ्याचं नाव वापरून फायदा घेतो असं आपण धरून चालतो. इथे मोठा येऊन लहानाच्या जागेवर बसतो आणि लहानाचेच श्रोते विचारू लागतात, की तुम्ही त्यांचं नाव का घेतलं?

नावाऐवजी आकडा

ग्रंथपालांना हा प्रश्न फार आधी पडला होता, आणि त्यांचं उत्तर मला अजूनही सगळ्यांत समजूतदार वाटतं. नाव बदलायचं नाही, नावापुढे साल लिहायचं. एलिझाबेथ टेलर, १९१२ ते १९७५ या इंग्लिश कादंबरीकार. एलिझाबेथ टेलर, १९३२ ते २०११ या अभिनेत्री. कादंबरीकार टेलर यांची पहिली कादंबरी १९४५ मध्ये आली, आणि दुसऱ्या टेलर आदल्याच वर्षी बालकलाकार म्हणून जगप्रसिद्ध झाल्या होत्या. या योगायोगाने एका उत्तम लेखिकेचं आयुष्यभर नुकसान केलं. ग्रंथालयाच्या सूचीत मात्र दोघींच्या नोंदी पहिल्यापासून वेगळ्या आहेत.

सालाची युक्तीही कधी हरते. व्हनेसा विल्यम्स नावाच्या दोन अमेरिकी अभिनेत्री आहेत, दोघींचा जन्म १९६३ चा, एकीचा मार्चमधला, दुसरीचा मेमधला. त्यातून ‘सोल फूड’ या १९९७ च्या चित्रपटात एक होत्या आणि त्याच कथेवरच्या मालिकेत दुसऱ्या. इथे नाव, साल, व्यवसाय, इतकंच काय कथासुद्धा सारखी. उरतं ते मधलं अक्षर: ‘एल’ आणि ‘ई’.

म्हणून आता प्रत्येक माणसाला आकडा देतात. चित्रपटांच्या आयएमडीबी या माहितीकोशात प्रत्येकाला ‘एनएम’ने सुरू होणारा क्रमांक असतो; एनएम००००००१ हे फ्रेड अस्टेअर. सारख्या नावांपुढे तिथे कंसात रोमन आकडे लागतात. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआय क्रमांक आहे. तो सीझॅक या जागतिक महासंघासाठी स्वित्झर्लंडची सुइसा ही संस्था सांभाळते. त्याची रचना हुशारीची आहे: माणसाला एक मूळ क्रमांक आणि त्याच्या प्रत्येक नावाला वेगळा नाव-क्रमांक. म्हणजे एका नावाची दोन माणसं वेगळी राहतात आणि एका माणसाची तीन टोपणनावं एकत्र येतात. गाणं रेडिओवर वाजलं की पैसे कुणाला द्यायचे हे अशा क्रमांकांवरून ठरतं.

तिसरा क्रमांक आयएसएनआय, २०१२ मध्ये प्रमाणित झालेला. लेखक, गायक, चित्रकार, नट सगळ्यांना चालणारा. सोळा अंकी असतो. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवर ठरावीक हिशेब करून काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एक आकडा चुकला तरी संगणक लगेच ओळखतो, की हा क्रमांक असूच शकत नाही.

हे नुसतं कागदी काम नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेकडे २० ऑनलाइन संगीत सेवांनी सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर जमा केले. गाणी वाजली होती, पैसेही निघाले होते, पण कुणाचे ते जुळत नव्हतं. अपुरी माहिती, चुकलेलं स्पेलिंग, गीतकाराचा क्रमांकच नाही, अशी त्याची कारणं असतात, आणि नामसाधर्म्य त्या घोळात भर घालतं.

ऑनलाइन ऐकताना हाच प्रकार डोळ्यांसमोर दिसतो. एखाद्या गायिकेच्या पानावर अचानक वेगळ्याच भाषेतला, वेगळ्याच आवाजातला अल्बम येऊन बसतो. वितरकाने गाणं पाठवताना नाव तेवढं दिलेलं असतं, कलाकाराचा क्रमांक दिलेला नसतो, आणि यंत्रणा ते त्या नावाच्या सगळ्यांत ठळक पानावर चिकटवते. नव्याने नाव घेणाऱ्या कलाकाराने म्हणूनच पहिलं गाणं पाठवण्याआधी ते नाव संगीत सेवांवर, ट्रेडमार्कच्या नोंदीत आणि आयएसएनआयच्या यादीत शोधून पाहावं. आणि नाव पक्कं झालं की आपला क्रमांक प्रत्येक नोंदीला जोडावा, अगदी पहिल्या गाण्यापासून, कारण मागाहून शोधून जोडणं फार जिकिरीचं असतं.

ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यालाही शंका आली की तपासता येतं. जन्मसाल जुळतं का, बरोबरचे कलाकार तेच आहेत का, त्या सालात तो माणूस किती वर्षांचा होता, हे तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. नाही पुरले तर आयएसएनआयच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. दोन माणसं चुकून एकाच क्रमांकाखाली गेलेली दिसली तर तिथूनच दुरुस्ती सुचवता येते.